डोळ्यांच्या डॉक्टरांना काय सांगावे?

बँकेत कर्जाचा अर्ज आला की ताळेबंद उघडण्यापूर्वी अर्जदाराला समोर बसवून चार प्रश्न विचारण्याची रीत होती. व्यवसाय कधीपासून, जुने देणे किती, अडचण नेमकी केव्हा सुरू झाली? कागदपत्रे मग त्या उत्तरांशी ताडून पाहिली जात. नेत्रतज्ज्ञांची तपासणीही अशीच सुरू होते. सुश्रुतसंहितेत रोग ओळखण्याचे सहा मार्ग सांगितले आहेत. पाच ज्ञानेंद्रियांचे पाच आणि सहावा रुग्णाला प्रश्न विचारण्याचा. त्याच ग्रंथाच्या उत्तरतंत्रात ७६ नेत्ररोगांचे वर्णन आहे. आज यंत्रे पुष्कळ आली, तरी कोणत्या यंत्राने काय शोधायचे हे बहुतेक वेळा रुग्णाच्या शब्दांवरून ठरते.

आपल्या नाशिकमधल्या कोणत्याही नेत्रचिकित्सालयात पाहावे. आईला तपासणीच्या खुर्चीत बसवतात आणि उत्तरे मुलगा देतो : 'आईला अंधुक दिसतं.' आई गप्प असते. प्रत्यक्षात तिला एका डोळ्याने दाराची चौकट वाकडी दिसत असते. या दोन वाक्यांत मोठे अंतर आहे. हळूहळू, वेदना न होता आलेला अंधुकपणा, रात्री समोरच्या गाडीच्या दिव्यांनी दिपणे, चष्म्याचा नंबर वारंवार बदलणे ही बहुधा मोतीबिंदूची लक्षणे. त्याला सहसा थोडा वेळ असतो. सरळ रेषा वाकड्या दिसणे किंवा समोरच्याच्या चेहऱ्याचा मधला भाग पुसट होणे हे दृष्टिपटलाच्या मध्यभागाचे दुखणे असू शकते. तेथे विलंब परवडत नाही.

म्हणून 'अंधुक' या एका शब्दावर थांबू नये. एका डोळ्याने की दोन्हींनी, जवळचे की लांबचे, अचानक की सावकाश, सतत की मधूनमधून, हे सांगावे. एकाची दोन दिसत असतील तर घरीच एकेक डोळा झाकून पाहावे. कोणताही एक डोळा झाकल्यावर दुसरी प्रतिमा नाहीशी होत असेल, तर दोन्ही डोळ्यांच्या समन्वयात, म्हणजे स्नायू किंवा मज्जातंतूत दोष असू शकतो. एकाच डोळ्याने दोन दिसत असतील, तर दोष बहुधा त्या डोळ्यातच असतो.

काही लक्षणांसाठी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. डोळ्यासमोर वीज चमकल्यासारखे होणे, काळ्या ठिपक्यांचा अचानक वर्षाव, बाजूने पडदा सरकत आल्याचा भास : दृष्टिपटल सुटत असल्याचे हे इशारे आहेत. लाल डोळा, तीव्र वेदना, मळमळ आणि दिव्याभोवती रंगीत वलये एकत्र आली तर काचबिंदूचा तीव्र झटका असू शकतो. एरवी बहुतेकांचा काचबिंदू मात्र दीर्घकाळ कोणतीही तक्रार न करता दृष्टी खात राहतो. त्यामुळे आईवडील किंवा भावंडांपैकी कोणाला तो असेल, तर न विचारताही सांगावे.

औषधांची यादी हा आपला सर्वांत दुर्लक्षित भाग. 'डोळ्यांचा आणि त्या गोळीचा काय संबंध?' असे वाटते, पण संबंध असतो. प्रोस्टेटसाठी दिल्या जाणाऱ्या टॅमसुलोसिनमुळे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत बाहुली नीट विस्फारत नाही आणि बुबुळाचा पडदा सैल पडतो. २००५ साली ही गोष्ट प्रथम नोंदवली गेली. गोळी पूर्वी घेऊन बंद केली असेल, तरीही सांगावे. संधिवातासाठी दीर्घकाळ घेतलेले हायड्रॉक्सिक्लोरोक्विन दृष्टिपटलावर, तर क्षयरोगावरील इथॅम्ब्युटॉल नेत्रमज्जातंतूवर परिणाम करू शकते. स्टिरॉइडने डोळ्यांतील दाब वाढू शकतो. मात्र सल्ल्याशिवाय कोणतीही गोळी बंद करू नये. मधुमेह किती वर्षांचा आहे हेही सांगावे. तक्रार नसली तरी अशा रुग्णाने वर्षातून एकदा दृष्टिपटल तपासून घ्यावे.

निफाड, दिंडोरीकडच्या बागायतदार वाचकांसाठी आणखी एक. छाटणीच्या वेळी काडी डोळ्याला लागली आणि नंतर डोळा लाल होऊन दुखू लागला, तर काडी लागल्याचे आवर्जून सांगावे. वनस्पतीच्या जखमेतून बुबुळावरील पारदर्शक पडद्याला बुरशीचा संसर्ग होऊ शकतो, आणि दुकानातून आणलेल्या स्टिरॉइडच्या थेंबांनी तो बळावतो. फवारणीचे औषध डोळ्यात उडाल्यास आधी स्वच्छ पाण्याने किमान पंधरा मिनिटे डोळा धुवावा. मग औषधाची बाटली सोबत घेऊन रुग्णालयात जावे.

तपासणीला निघण्यापूर्वी एका कागदावर तक्रार, ती सुरू झाल्याची तारीख, जुने आजार, चालू औषधे आणि घरातील नेत्रविकार लिहून काढावेत. जुना चष्मा सोबत घ्यावा. बाहुली विस्फारण्याचे थेंब घातल्यावर काही तास अंधुक दिसते, म्हणून स्वतः गाडी चालवत जाऊ नये. सोबत मुलगा किंवा सून अवश्य असावी, पण पहिले उत्तर आईला देऊ द्यावे. तिला काय दिसते, हे तिच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?