दाढ काढा, पण बँकेत ठेवू नका

इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत दोन गोष्टी न बोलावता येतात. एक बॅकलॉग आणि दुसरी अक्कलदाढ! बॅकलॉगचं आपण बघून घेऊ. दाढ मात्र आडवी आली की रात्रभर गाल धरून बसायचं आणि सकाळी मेडिकलजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयाची ओपीडी गाठायची. काढलेली दाढ कचऱ्यात जाते. पण आता म्हणे ती टाकू नका, तिच्यात स्टेम सेल असतात, बँकेत ठेवा!

माझ्या ताईला असाच एक एजंट भेटला. भाच्याचा दुधाचा दात हलत होता. ताईने माहितीपत्रक मला पाठवलं, "तू इंजिनिअर होऊन राहिला ना, सांग बरं, भरू का पैसे?" रक्कम माझ्या वर्षभराच्या मेसबिलापेक्षा मोठी. वर दरवर्षीचं भाडं वेगळं. आणि आजारांची यादी बघाल तर मधुमेहापासून सिकलसेलपर्यंत सगळं!

यातलं विज्ञान खोटं नाही, हे आधी सांगतो. दाताच्या आतल्या मऊ गरात स्टेम सेल असतात हे २००० साली अमेरिकेत दिसलं. २००३ मध्ये सोंगताओ शी यांच्या चमूला त्या पडलेल्या दुधाच्या दातांतही सापडल्या. २०१८ मध्ये चीनमधल्या डॉक्टरांनी मार लागून मेलेल्या पुढच्या दातांत त्याच मुलांच्या दुधाच्या दातातल्या पेशी घातल्या. आत रक्तवाहिन्या आल्या, संवेदनाही परतली. भारीच काम आहे. पण तिथे दाताच्या पेशी दातालाच उपयोगी पडल्या, आणि त्यासाठी कुणी वीस वर्षं भाडं भरलं नव्हतं.

मला खरा राग आला तो यादीतला सिकलसेल वाचून. विदर्भात हा आजार किती घरांत आहे ते वेगळं सांगायला नको. आपल्या वर्गातही कुणीतरी वाहक असेल. रक्त तयार करणाऱ्या स्टेम सेल हाडांच्या मगजात असतात. दातातल्या पेशींची जात वेगळी, त्या रक्त तयार करत नाहीत. शिवाय सिकलसेलचा दोष जनुकातच असतो, म्हणजे पोराच्या दातातही तोच दोष! २०२३ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेने सिकलसेलवर जीन एडिटिंगचा उपचार मंजूर केला. त्यात पेशी रुग्णाच्याच वापरतात, पण त्या रक्तातून घेतात, दातातून नव्हे. आजारी लेकराच्या आईबापाला असं पत्रक दाखवणं म्हणजे सरळ लूट आहे.

बरं, आपल्याकडे याला परवानगी तरी आहे का? आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनी साठवणुकीला मुभा दिली ती फक्त नाळेतल्या रक्ताला. दाताच्या नमुन्याला नाही. पत्रकात ही ओळ बारीक अक्षरातही नव्हती.

आता आपल्या विषयाचा मुद्दा. पेशी ठेवतात द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर. टाकीला वीज लागत नाही, त्यामुळे लोडशेडिंगची भीती नाही. पण नायट्रोजन सतत उडून जातो, तो वरचेवर भरावा लागतो. म्हणजे भाचा तिशीचा होईपर्यंत ती कंपनी जिवंत पाहिजे, टँकर वेळेवर यायला पाहिजे, लेबल अदलाबदल व्हायला नको. आपण लॅबमधला एक ऑसिलोस्कोप तीन वर्षं नीट ठेवू शकत नाही राजेहो!

ताईला म्हटलं, पैसे भरू नको, दात खुशाल कौलावर फेक.

आणि स्टेम सेलचं कौतुकच असेल तर आज रुग्ण बरे होतात तो रस्ता दुसरा आहे. ल्युकेमिया, थॅलेसेमिया, सिकलसेलमध्ये जुळणाऱ्या दात्याच्या पेशी लागतात. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. बाकीच्यांनी अनोळखी दाता शोधायचा. दात्री नावाची संस्था २००९ पासून अशा दात्यांची नोंद ठेवते (नावात दात असला तरी दाताशी संबंध नाही!). अठरा पूर्ण झाली की गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून नमुना देता येतो. पुढे कुणाशी जुळलंच तर काही दिवस इंजेक्शनं घेऊन बहुतेकदा मशीनवर रक्तातूनच पेशी काढतात.

गॅदरिंगच्या रक्तदान शिबिरात यंदा या नोंदणीचंही एक टेबल लावावं, असं एनएसएसच्या सरांना विचारलंय. सर "बघू" म्हणाले आहेत.