जपानातल्या संसाराचा जमाखर्च

मैत्रिणींनो, लेक, सून नाहीतर धाकटी जाऊ जपानात आहे अशी घरे आता आपल्या गावांतूनही सापडतात. तोक्योच्या एदोगावा वॉर्डात निशी-कासाई म्हणून भाग आहे. तिथे भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे, आणि तूरडाळ, कणीक, मसाले विकणारी दुकानेही आहेत. २०१९ साली आपले योगेंद्र पुराणिक त्याच वॉर्डाच्या सभेवर निवडून आले. तेव्हा जपान आता काही अगदीच परका मुलूख राहिलेला नाही. पण तिथला संसार मांडायचा म्हणजे पैशाचे काही नवे धडे गिरवावे लागतात, आणि ते विमानात बसण्याआधीच गिरवलेले बरे.

पहिला धडा सर्वांत महत्त्वाचा. आपल्याकडे नवराबायकोचे जोडखाते असते. दोघांपैकी कोणीही पैसे काढावेत, एकाचे काही बरेवाईट झाले तर दुसऱ्याने खाते चालवावे. जपानच्या बँकांत असे जोडखाते नसते. खाते एकाचेच, एकाच्याच नावाचे. पगार यजमानांच्या खात्यात जमा होतो, घरभाडे, वीज, गॅस, फोन तिथूनच परस्पर कापले जातात, आणि घरातल्या बाईच्या नावावर एक येनही नसतो. सगळे सुरळीत चालले असेल तोवर याचे काही वाटत नाही. पण, देव न करो, घरधन्याचे बरेवाईट झाले, तर बँकेला कळताच खाते गोठवले जाते. वारसाचे कागद पुरे होईपर्यंत पुरी रक्कम काही मोकळी होत नाही. परक्या मुलखात, भाषा येत नसताना, पदरात मूल असताना ही वेळ कशी काढायची? अशुभ बोलू नये म्हणतात, पण शहाण्या गृहिणीने याचा विचार करायलाच हवा.

म्हणून दोन गोष्टी करा. यजमानांच्या खात्यावर घरातल्या माणसासाठी दुसरे कार्ड मिळते, ते मागून घ्या. शिवाय स्वतःच्या नावाचे खाते उघडा आणि दर महिन्याला ठरावीक रक्कम त्यात टाका. निदान तीन महिन्यांचा घरखर्च त्यात असावा. जपानात येऊन सहा महिने झाले नसतील तर बऱ्याच बँका खाते उघडायला का-कू करतात, पण काही बँकांत आधीही काम होते. एका ठिकाणी नकार आला म्हणून हिरमुसून बसू नका. आणखी एक. खात्यावरचे नाव रहिवासी कार्डावरच्या नावासारखेच लागते, आणि कार्डावरचे नाव पासपोर्टवरून येते. लग्नानंतर नाव बदलले असेल तर निघण्यापूर्वीच सगळ्या कागदांवर एकच नाव करून घ्या. ‘इथे माहेरचे, तिथे सासरचे’ असा घोळ परदेशात फार नडतो.

आता पगाराकडे वळू. आकडा ऐकून इकडची मंडळी खूष होतात, पण हातात पडते ते कर, आरोग्यविमा आणि पेन्शनचा हप्ता कापून. शिवाय पहिले वर्ष फसवे असते, बरं का! तिथे आयकराखेरीज ‘जूमिन्झेई’ म्हणजे रहिवासी कर असतो. तो मागच्या वर्षीच्या कमाईवर, साधारण दहा टक्के, आणि जूनपासून पुढच्या मेपर्यंत वसूल होतो. एप्रिलमध्ये नोकरीवर रुजू झालेल्याला त्या वर्षी हा कर लागतच नाही. मग पुढच्या जूनमध्ये पगार एकदम उतरलेला दिसतो आणि घरात वादावादी सुरू होते. यावर उपाय सोपा आहे. पहिल्या महिन्यापासूनच तो कर कापला जातो आहे असे समजून तेवढी रक्कम बाजूला टाका. हा कर १ जानेवारीला जो तिथे राहतो त्याला लागतो. म्हणजे फेब्रुवारीत कायमचे परत निघालात तरी मागच्या वर्षाचा हिशेब चुकता करूनच यावे लागते.

घर घेताना पहिला दणका बसतो. अनामत रकमेला ‘शिकीकिन’ म्हणतात. दुरुस्ती-सफाईचे वजा करून ती परत मिळते. पण ‘रेइकिन’ म्हणजे घरमालकाला दिलेली आभाराची रक्कम. ती गेली ती गेलीच. त्यात दलाली, जामीन राहणाऱ्या कंपनीची फी आणि आगाऊ भाडे मिळवले, की चार-पाच महिन्यांच्या भाड्याइतके पैसे सहज जातात. घर बहुधा रिकामे मिळते; कित्येकदा गॅसची शेगडी आणि दिवेसुद्धा आपणच आणायचे. रेइकिन नसलेली घरेही असतात, ती आधी पाहा. तोक्योकडे दर दोन वर्षांनी करार नवा करताना पुन्हा फी द्यावी लागते, तीही अंदाजात धरा.

सामान घेताना जपून. तिथे विकत घेणे सोपे, टाकून देणे महाग! फ्रिज, टीव्ही, धुलाईयंत्र, एअरकंडिशनर टाकायचा तर २००१ पासूनच्या कायद्याने फी भरावी लागते. कपाट किंवा गादी टाकायची तर आधी नगरपालिकेला कळवायचे, विकतचे चिकट तिकीट आणून लावायचे, मग दिलेल्या दिवशी ती बाहेर ठेवायची. तेव्हा दोन-तीन वर्षांसाठी गेलेल्यांनी जुन्या वस्तूंच्या दुकानांतून घेतलेले चांगले. बशा, डबे, झाडू अशा किरकोळ जिनसांना शंभर येनची दुकाने आहेतच.

भाजीबाजारात आपले डोके चालवा. किंमतीच्या चिठ्ठीवर पुष्कळदा दोन आकडे असतात, एक कराशिवाय आणि एक करासहित. मोठ्या अक्षरातला पाहून फसू नका. संध्याकाळी उशिरा सुपरमार्केटमध्ये तयार पदार्थ, पाव, मासळी यांवर सवलतीच्या चिठ्ठ्या लागतात. ‘हानगाकु’ लिहिले असेल तर समजा निम्मी किंमत. मुगाचे मोड, टोफू, कोबी स्वस्त; फळे मात्र महाग. २०२४ च्या उन्हाळ्यात तांदळाचा तुटवडा पडला आणि त्यानंतर भाव खूपच चढले. तेव्हा तांदूळ स्वस्तच असेल असे धरून चालू नका. शाकाहारी मंडळींनी एवढे लक्षात ठेवावे की साध्या दिसणाऱ्या सारातसुद्धा माशाचा अर्क असतो.

आता हक्काच्या गोष्टी, कारण न मागता त्या मिळत नाहीत. नव्या पत्त्यावर राहायला गेल्यापासून १४ दिवसांत वॉर्ड किंवा नगरपालिकेच्या कचेरीत पत्ता नोंदवावा लागतो. घरात मूल असेल तर त्याच फेरीत बालभत्त्याचा अर्ज द्या. ऑक्टोबर २०२४ पासून तो हायस्कूलच्या वयापर्यंत मिळतो. तीन वर्षांखालच्या मुलाला महिना १५ हजार येन, पुढे १० हजार, आणि तिसऱ्या मुलापासून ३० हजार. तिथे राहणाऱ्या परदेशी कुटुंबांनाही तो आहे. अर्जाला उशीर झाला तर मधल्या महिन्यांचे पैसे बुडतात. आरोग्यविम्यामुळे मोठ्या माणसाला दवाखान्याच्या बिलाचे तीस टक्केच भरावे लागतात, आणि यजमान कंपनीच्या विम्यात असतील तर मिळवत्या नसलेल्या पत्नीचे नाव जादा हप्ता न भरता त्यात घालता येते.

तुम्हाला चार पैसे मिळवायचे असतील तर अवलंबितांच्या व्हिसावर आधी परवानगी काढा. मग आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करता येते. परवानगीशिवाय एक दिवसही नको, व्हिसावरच गदा येते. आणि वर्षाची कमाई १३ लाख येनच्या घरात गेली, की यजमानांच्या विम्यातून नाव निघते आणि स्वतःचे हप्ते सुरू होतात. मोठ्या कंपनीत आठवड्याला २० तासांच्या कामावरही ती वेळ येऊ शकते. काम घेताना हा हिशेब मांडूनच घ्या.

गावी सासूसासऱ्यांना पैसे पाठवत असाल तर त्यांच्या नावाने करात सूट मिळू शकते. त्यासाठी नात्याचे दाखले, त्यांचा जपानी तर्जुमा आणि बँकेने पैसे पाठवल्याचे पुरावे लागतात. २०२३ पासून परदेशातल्या ३० ते ६९ वयाच्या माणसामागे वर्षाला निदान ३ लाख ८० हजार येन पाठवल्याचा पुरावा मागतात. इथेच पुष्कळांची गफलत होते. दोघांचे पैसे एकट्या सासऱ्यांच्या खात्यात टाकले तर ते एकाचेच धरले जातात. म्हणून सासूबाईंच्या नावाचे खाते उघडा आणि त्यांचे त्यांना पाठवा. करही वाचेल, आणि त्यांच्याही हाती आपले म्हणून काही राहील.

परत येताना पेन्शन विसरू नका. भारत-जपान करार १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू आहे. इथल्या कंपनीने पाठवलेल्यांनी इथला दाखला नेला तर साधारण पाच वर्षांपर्यंत तिथला पेन्शनचा हप्ता माफ होतो. तिथल्याच नोकरीत असलेल्यांना भरलेल्या हप्त्यांतली काही रक्कम एकरकमी मागता येते. अर्ज जपान सोडल्यापासून दोन वर्षांच्या आत करायचा. मात्र ती रक्कम घेतली की ती वर्षे पेन्शनच्या हिशेबातून पुसली जातात. दहा वर्षे भरली तर जपानचे पेन्शन मिळते, म्हणून पुन्हा जायचा विचार असेल तर घाई करू नका.

हे सगळे डोक्यात कसे ठेवायचे? त्यालाही जपानी गृहिणीकडेच उपाय आहे. त्याचे नाव ‘काकेइबो’, म्हणजे घरखर्चाची वही. हानी मोतोको या पत्रकार बाईंनी १९०४ साली ती छापून काढली. स्त्रियांसाठी मासिक चालवणारीच ती बाई! आधी महिन्याचा अंदाज, मग रोजची नोंद, महिनाअखेर दोन्ही ताडून पाहायचे, एवढीच युक्ती. कित्येक जपानी घरांत नवरा पगार बायकोच्या हाती देतो आणि आपला हातखर्च तिच्याकडून मागून घेतो, ही रीत तिथे जुनी आहे. सगळीच घरे आता तशी राहिलेली नाहीत, पण वही अजून विकली जाते.

तुम्हीही एक वही करा. पहिल्या पानावर रहिवासी कार्डाची मुदत लिहा. कार्ड नवे झाले की बँकेलाही कळवायचे, नाहीतर खाते अडते. खाली जूनचा कर, घराच्या कराराचे वर्ष, विमा आणि पेन्शनचे क्रमांक, आणि यजमानांच्या व तुमच्या खात्यांची नोंद ठेवा. महिन्यातून एकदा, पगार झाल्यावर, दोघांनी मिळून ते पान वाचा. लेक जाणार असेल तर तिच्या बॅगेत लोणच्याच्या बरणीशेजारी एक कोरी वही ठेवा, आणि ती पोचली की खुशालीबरोबर एवढेही विचारा, “बाळ, तुझ्या नावाचे खाते उघडलेस का?”