मोहम्मेडन स्पोर्टिंगची लोकप्रियता : फक्त 'समाजाची गर्दी' आहे काय?

कोलकात्याच्या मोहम्मेडन स्पोर्टिंग क्लबला 'देशभर लोकप्रिय' म्हणायची जुनी सवय आता सोडावी, असा सूर एका क्रीडा पत्रकाराने लावला आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : हा संघ इंडियन सुपर लीगच्या पहिल्याच हंगामात तळाला गेला, त्याच्या प्रेक्षकांनी मैदानात बाटल्या फेकल्या, आणि ज्याला लोकप्रियता म्हणतात ती फुटबॉलची आवड नसून एका समाजाची भावनिक गर्दी आहे.

पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत, त्या नाकारायचे कारण नाही. 2024-25 च्या हंगामात 24 सामन्यांत संघाला दोनच विजय मिळाले. ऑक्टोबर 2024 मध्ये केरळ ब्लास्टर्सविरुद्धच्या सामन्यात बाटल्या फेकल्या गेल्या, खेळ थांबवावा लागला. ज्यांनी हे केले त्यांनी क्लबची मान खाली घातली. पाहुण्यांशी असे वागायला आपल्याला कुणी शिकवले नाही.

पण तिसरी गोष्ट वेगळी आहे. ती क्लबपुरती राहत नाही, मुसलमानांनी एखाद्या संघावर प्रेम केले तर ते 'खेळप्रेम' धरायचे की नाही, इथपर्यंत जाते.

इतिहास बघा. 1891 मध्ये स्थापन झालेला हा क्लब 1934 मध्ये कलकत्ता लीगच्या पहिल्या विभागात आला आणि त्याच वर्षी विजेता ठरला. त्याआधी ही लीग एकाही भारतीय संघाने जिंकली नव्हती. नुसती जिंकली नाही, 1938 पर्यंत सलग पाच वर्षे जिंकली. 1940 च्या डिसेंबरात दिल्लीत ड्युरँड कपच्या अंतिम सामन्यात समोर रॉयल वॉरविकशायर रेजिमेंट, म्हणजे गोऱ्या शिपायांचा संघ. निकाल 2-1. ड्युरँड जिंकणारा हा पहिला भारतीय संघ. शिट्टी होती कॅप्टन हरनाम सिंग या भारतीय पंचाच्या हाती.

1911 मध्ये मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून आयएफए शिल्ड जिंकली, तो देशाचा विजय म्हणून शाळेतल्या मुलांनाही सांगितला जातो. सांगितलाच पाहिजे. मग 1934 आणि 1940 चे विजय 'एका समाजाचे' कसे झाले? हरलेले तेच होते, इंग्रज. हो, त्या दशकात बंगालच्या राजकारणात मुस्लिम लीगचा जोर होता आणि क्लबच्या पदाधिकाऱ्यांत त्या पक्षाचे पुढारी होते, हे लपवण्यासारखे नाही. पण मैदानावर गोल पुढारी करत नसतात.

आणि तो संघ एकट्या कोलकात्याचा तरी कुठे होता? बंगलोर, दिल्ली, पेशावर, क्वेट्टा अशा ठिकाणांहून खेळाडू आणले जात. देशभरातून माणसे निवडून संघ बांधायचा, ही पद्धत आज सगळे क्लब वापरतात. तेव्हा ती नवी होती. लोकप्रियता पसरली ती अशी : आपल्या गावचा पोरगा तिकडे खेळतो म्हणून.

आपल्या मुंबईचाही यात वाटा आहे. कूपरेजवर रोव्हर्स कप भरायचा. 1937 मध्ये बंगलोर मुस्लिम्स या संघाने इथे मोहम्मेडनला अंतिम सामन्यात हरवले होते, म्हणजे 'मुस्लिम म्हणून एकाच संघामागे सगळे' हा हिशेबही तितकासा बरोबर नाही. तीन वर्षांनी, 1940 मध्ये, मोहम्मेडनने रोव्हर्स जिंकला. पुढे 1956, 1959 आणि ऐंशीच्या दशकातही हा कप त्यांनी नेला. सामने बघायला आलेल्या मुंबईकराला कोलकात्याच्या मैदानाचा पत्ताही माहीत नसेल, तरी काळ्या-पांढऱ्या जर्सीवाला संघ त्याचा झाला होता. फाळणीच्या आधी डाक्क्यातही याच नावाचा क्लब उभा राहिला, आणि तो आज बांगलादेशात आबाहनीच्या तोडीचा आहे.

क्लब एखाद्या समाजातून उगवला म्हणून तो छोटा ठरत नाही. ग्लासगोचा सेल्टिक गरीब आयरिश कॅथलिकांसाठी सुरू झाला. मोहम्मेडनचे मोहम्मद सलीम 1936 मध्ये तिथेच जाऊन अनवाणी, पायाला पट्ट्या बांधून खेळले आणि स्कॉटिश प्रेक्षकांनी त्यांना डोक्यावर घेतले. सेल्टिकला कुणी 'समाजाची गर्दी' म्हणत नाही. लांब कशाला, कोल्हापुरात तालमी आणि पेठांचे संघ आहेत. पाटाकडील म्हटले की पेठ आठवते, म्हणून तिथला माणूस फुटबॉलप्रेमी नाही असे म्हणून बघा जरा!

शिवाय आजचा संघ बघितला तर आक्षेप आणखीच लुळा पडतो. 2023 च्या ड्युरँड कपमध्ये सर्वाधिक गोल करणारा डेव्हिड लालहलानसांगा हा मिझोरामचा मुलगा याच जर्सीत खेळत होता. एप्रिल 2024 मध्ये शिलाँगला जाऊन आय-लीग जिंकली, तेव्हा प्रशिक्षक रशियाचे आंद्रेई चेर्निशोव होते, मधल्या फळीत अर्जेंटिनाचा अ‍ॅलेक्सिस गोमेझ. खिदिरपूर आणि पार्क सर्कसचे लोक यांच्याच नावाने घोषणा देत होते. यात धर्म शोधायचा कुठे?

मात्र या लोकप्रियतेच्या आडोशाला क्लबच्या कारभाऱ्यांनी लपू नये, हेही बोललेच पाहिजे. सुपर लीगच्या हंगामात खेळाडूंचे पगार थकले, त्यांनी सरावावर बहिष्कार टाकला. जानेवारी 2025 मध्ये चेर्निशोव थकलेल्या मानधनामुळेच सोडून गेले. क्लब आणि गुंतवणूकदार एकमेकांकडे बोट दाखवत राहिले. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याचे दाम द्या, हे आपल्या घराघरात सांगितले जाते. ज्या क्लबच्या नावात 'मोहम्मेडन' आहे, त्याच्याकडून एवढी अपेक्षा ठेवणे काही जास्त नाही. तळाचा क्रमांक समर्थकांमुळे आला नाही, तो इथे, कार्यालयात ठरला.

टीका करायची तर इथे करावी. पैसा कुठून आला, कुठे गेला, करार कुणी केले, हे विचारावे. त्या पत्रकार साहेबांनी पुढचा लेख यावर लिहिला तर तिकीट काढून उभे राहणारे हेच लोक तो सगळ्यात आधी वाचतील.