पंख्याचे ताड व गृहोद्यान

चिंचवड, आकुर्डी व निगडी येथील बंगल्यांपुढें आणि चाकणच्या कारखान्यांच्या फाटकांशीं ताडजातीचीं झाडें लावण्याची हौस अलीकडे बरीच वाढली आहे. या हौसेस आमचा विरोध नाहीं. परंतु पंख्यासारख्या पानांच्या ताडांची निवड केवळ रोपवाटिकेंतील देखाव्यावरून होते, हें आम्हांस बरें वाटत नाहीं. इतर झाडाचा शेंडा मोडला तर तें बगलेस फुटतें. एकखोडी ताडास शेंड्यांत एकच कोंब असतो, तो गेला कीं झाड गेलें. खोडास झालेली जखमही भरून येत नाहीं. म्हणजे निवडींतली चूक छाटणीनें सुधारत नाहीं. आणि झाड काढावें म्हटलें तर १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यान्वयें शहरांत परवानगी लागते.

वॉशिंग्टोनिया हा मूळचा कॅलिफोर्निया व मेक्सिकोकडील. कोरडी हवा सोसतो, झपाट्यानें वाढतो, म्हणून रोपवाले तोच पुढें करतात. पण तो साठ-सत्तर फुटांवर जातो. वाळलेलीं पानें गळून न पडतां खोडाभोंवतीं घागऱ्यासारखीं लोंबतात, त्यांत उंदरांस आसरा मिळतो व ठिणगी पडल्यास भडका उडतो. कारखान्याच्या रुंद रस्त्यास तो शोभेल. दोन गुंठ्यांतील घरमालकानें त्याच्या वाटेस जाऊं नये.

मादागास्करच्या बिस्मार्कियाची रुपेरी निळसर पानें पाहून मन लोभावतें, हें खरें. त्यास ऊन व उत्तम निचरा हवा आणि माथ्यास वीसएक फुटांचा विस्तार. जमिनींतून खणून आणलेलें मोठें झाड मुळें दुखावल्यामुळें पुष्कळदां दगावतें. आमच्या परिचयाच्या एका गृहसंस्थेनें अशीं झाडें वाहनतळाच्या स्लॅबवरील हातभर मातींत लावलीं. दुसऱ्या उन्हाळ्यांत सारीं वाळलीं, व वर्गणी देणारे सभासद एकमेकांकडे पाहत राहिले. घ्यावयाचेंच तर कुंडींतलें लहान रोप घ्यावें.

लिक्युआलाचें चुणीदार गोल पान सर्वांत देखणें. परंतु तो वानुआतूच्या दमट बेटांवरचा रहिवासी. आम्हीं तो एकदां उघड्या अंगणांत लावला, आणि चैत्रांतल्या कोरड्या वाऱ्यानें प्रत्येक पानाची कड करपली. आंब्याच्या सावलींत हलविल्यावर नवीं पानें नीट आलीं.

मग लावावें काय? आमची पहिली पसंती चिनी लिव्हिस्टोनास. तो सावकाश वाढतो, लहानपणीं अर्धी सावली व पुढें पूर्ण ऊन सोसतो, आणि पानांचीं टोकें कारंज्यासारखीं खालीं झुकतात. देठांस कांटे असतात, एवढें मुलांच्या खेळाच्या जागीं ध्यानांत ठेवावें. ज्यांस अंगणच नाहीं त्यांनीं सज्ज्यांत राफिस ठेवावा; त्यास बुंध्यापासून फुटवे येतात, ते वेगळे करून शेजाऱ्यासही देतां येतात.

आणि आपला ताड? तो कोणी मागत नाहीं, म्हणून रोपवाटिकेंत सहसा ठेवीत नाहींत. वसई-डहाणूकडील किनाऱ्यावर तो मुबलक आहे, पण तेलंगणाच्या कोरड्या माळावरही तो तसाच पोसतो. तेव्हां मावळ-खेडची हवा त्यास मानवणार नाहीं असें म्हणण्यास आधार नाहीं. सुगरण त्याच्या पानांस घरटीं बांधते. नर व मादी झाडें निराळीं, ताडगोळे मादीसच येतात. तो फार सावकाश वाढतो, हा दोष मान्य करावा लागतो. लावणारा बहुधा नातवंडांसाठींच लावतो.

येथें आमच्या शेतकरी बंधूंसही सांगणें आहे. ज्यांची बरीच जमीन कारखान्यांखालीं गेली व विहिरीजवळचे चार-पांच गुंठे उरले, त्यांनीं बाहेरून गाड्या भरून येणारीं झाडें विकण्यापेक्षां लिव्हिस्टोना बियांपासून स्वतः वाढवावा. बीं रुजण्यास कांहीं महिने व रोप विक्रीयोग्य होण्यास कांहीं वर्षें लागतात, म्हणून यावरच घर चालेल असें समजूं नये. कांद्याच्या जोडीस तें ठीक. शेणखताचा उकिरडा मात्र रोपांपासून दूर ठेवावा. गेंड्या भुंगा त्यांतच वाढतो व ताडाचा कोंब पोखरतो.

ताडाचें रोप पिशवींत वाढवून हलवूं नये. अंकुर आधीं खोल जमिनींत उतरतो व तो तुटल्यास सर्व श्रम फुकट जातात. पावसाळ्यांत पिकून पडलेल्या फळांतील आठळी कुंपणाच्या कडेस, जेथें झाड कायम ठेवावयाचें तेथेंच पुरावी. बरेच महिने वर कांहीं दिसलें नाहीं तरी ती जागा खणूं नये.