मावशीला टाळ्या, माणसाला टोमणे

पुणे-नाशिक महामार्गावर आंबेगाव तालुक्यातील मंचर मागे टाकले, की पुढे जुन्नर तालुक्यातील नारायणगाव लागते. तमाशाची पंढरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गावात गुढीपाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या उभ्या राहतात. आसपासच्या तालुक्यांतून आणि शेजारच्या जिल्ह्यांतून गावकारभारी येथे येऊन यात्रेच्या सुपाऱ्या देतात. वग कोणता, नाचणाऱ्या किती, बिदागी किती यावर घासाघीस होते. गवळणीतली 'मावशी' मात्र सर्वांनीच गृहीत धरलेली असते.

गणानंतर गवळण येते. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींची वाट कृष्ण आणि पेंद्या अडवतात आणि त्यांच्याशी सवाल-जवाब करायला मावशी पुढे होते. ही मावशी म्हणजे लुगडे नेसलेला पुरुष. तिचा सख्खा भाऊ शोभावा असा 'नाच्या' वगात भेटतो. लचकत चालणे, टाळी देत बोलणे आणि दुअर्थी विनोद हे त्याचे भांडवल. गेली कित्येक दशके ग्रामीण महाराष्ट्र या दोघांवर पोट धरून हसत आला आहे. हे हसणे कलेला दाद देणारे किती आणि माणसाला हिणवणारे किती, याचा विचार फारसा झालेला नाही.

मुळात नाच्या हे विनोदी पात्र नव्हते. तमाशात स्त्रिया नसत, त्या काळी स्त्रीचे सौंदर्य आणि शृंगार रंगवण्याची जबाबदारी नाच्या पोरावरच होती. पवळाबाई हिवरगावकर यांच्यासारख्या कलावती बोर्डावर उभ्या राहिल्या आणि चित्र पालटले. शृंगार स्त्रियांकडे गेला. लुगड्यातल्या पुरुषाच्या वाट्याला उरला तो थट्टेचा भाग. संगीत रंगभूमीवर नेमके उलटे घडले. बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिका पाहून घरंदाज स्त्रियांनी साडी नेसण्याची आणि केशभूषेची ढब उचलली. १९६४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. काम एकच, पण पांढरपेशा रंगमंचावर ते 'स्त्रीपार्ट' म्हणून गौरवले गेले आणि बहुतांशी दलित-बहुजन कलावंतांच्या फडात त्याचीच शिवी झाली. या फरकाचे मूळ अभिनयात नसून जातीत आणि वर्गात आहे, असेच म्हणावे लागेल.

गणपत पाटील यांचे उदाहरण बोलके आहे. मराठी चित्रपटांत नाच्या अजरामर करणारा हा नट २००८ मध्ये निवर्तला. संसारी, मुलाबाळांचा हा गृहस्थ पडद्याबाहेरही तसाच असल्याचे लोकांनी ठरवून टाकले आणि त्याची झळ कुटुंबाला बसली. आनंद यादव यांच्या कादंबरीवरील 'नटरंग' हा चित्रपट २०१० मध्ये आला, तेव्हा शहरी प्रेक्षकाला ही व्यथा नव्याने कळली. मात्र या दोन्ही गोष्टी गैरसमजाला बळी पडलेल्या पुरुषांच्या आहेत. ज्याच्याबाबत तो 'गैरसमज' खराच आहे, त्याचे काय? ज्याला स्त्रीचा साज हा नुसता वेश वाटत नाही, त्याची कथा अद्याप फारशी सांगितली गेलेली नाही.

अशा माणसाला फड दोन गोष्टी देतो, पोटाला काम आणि गावापासून दूर जाण्याची वाट. दसऱ्याच्या सुमारास फड बाहेर पडतो आणि यात्रा संपेपर्यंत ट्रकमधून गावोगाव फिरत राहतो. कनातीच्या आतले जग त्याला सांभाळून घेते. पण या मोकळिकीची किंमत असते. हंगामापूर्वी घेतलेली उचल फिटेपर्यंत कलावंत फडमालकाला बांधलेला असतो आणि मालक सावकाराला.

स्थलांतर, वेश आणि ओळख यांची ही गुंतागुंत केवळ आपल्याकडची नाही. २००६ मधील 'पेपर डॉल्स' या माहितीपटात इस्रायलमधील फिलिपिनो तृतीयपंथी कामगार दिसतात. वृद्ध यहुद्यांची शुश्रूषा करून ते घरी पैसे पाठवतात आणि सुटीच्या रात्री स्त्रीवेशात रंगमंचावर उभे राहतात. त्यांचा देशातील मुक्काम मालकाच्या नोकरीवर अवलंबून असतो. नोकरी सुटली की हद्दपारीची टांगती तलवार. तेथे व्हिसा, येथे उचल. रंगमंचावर मिळणारे स्वातंत्र्य दोन्हीकडे दुसऱ्याच्या हाती असते.

कायदा मात्र पुढे गेला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली आणि २०१८ मध्ये समलैंगिक संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले. २०१९ च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांमार्फत ओळखपत्राची तरतूद केली. पुण्या-मुंबईच्या नाट्यगृहांत पुरुषांनी सादर केलेल्या लावणीला आज तिकीट काढून प्रेक्षक येतात आणि तिच्याकडे आदरानेही पाहतात. हा बदल स्वागतार्ह आहे. परंतु वर्षातले सात-आठ महिने मुक्कामाचे गाव रोज बदलणाऱ्या कलावंतासाठी सरकारी कचेरीचे हेलपाटे सोपे नाहीत. शहरातल्या कार्यक्रमाचे कौतुक फडातल्या मावशीपर्यंत आपोआप झिरपत नाही, हेही तितकेच खरे.

करोनामुळे २०२० आणि २०२१ असे लागोपाठ दोन यात्रा हंगाम बुडाले, तेव्हा फडाबाहेर आधार नसलेल्यांची अवस्था सर्वांत बिकट होती. ज्याला घरानेच नाकारले, त्याने परतायचे कोठे? विठाबाई नारायणगावकर यांच्या नावाने शासन जीवनगौरव पुरस्कार देते. ते उचितच आहे. त्याच नारायणगावात हंगामाच्या तोंडावर कलावंतांची नोंदणी, ओळखपत्राची सोय आणि उचलीचा लेखी करार झाला, तर मावशी साकारणाऱ्यालाही कलावंत म्हणून उभे राहता येईल. उरलेले काम प्रेक्षकांचे आहे. बोर्डावर मावशीला दिलेली टाळी खरी असेल, तर सकाळी चहाच्या टपरीवर त्याच माणसाला टोमणा मारता कामा नये.