चाचणी नावापुरती नको

गळीत हंगामात पलूस तालुक्यातल्या कुंडलच्या साखर कारखान्याकडे निघालेला ट्रॅक्टर पाहा. मागे उसाने ठासून भरलेल्या दोन ट्रॉल्या, अरुंद रस्ता आणि समोरून शाळा सुटलेली पोरं सायकलवर. या रस्त्यावर गाडी घालणाऱ्याच्या खिशातलं लायसन्स खऱ्या परीक्षेतून आलेलंच हवं. जून २०२१ पासून आधारच्या जोडीने शिकाऊ लायसन्स घरबसल्या ऑनलाइन परीक्षा देऊन मिळू लागलं. पलूसकरांची सांगलीच्या आरटीओची एक खेप वाचली, बुडणारा रोजगार वाचला; सोय चांगलीच झाली. पण थोरला भाऊ शेजारी बसून उत्तरं सांगणार असेल, तर धाकट्याला रस्त्यावरच्या खुणा कधी कळायच्या? पक्क्या लायसन्सआधीचे किमान ३० दिवस सरावासाठी असतात, ते सरावातच जावेत. निरीक्षकासमोर दुचाकीवर आठचा आकडा काढताना पाय टेकला आणि नापास झालो, तर त्यात कमीपणा नाही. पालकांनीही २०१९ ची कायदादुरुस्ती ध्यानात ठेवावी: अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर २५ हजार रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद त्यांच्याच वाट्याला येऊ शकते. परिवहन खात्याने हेलपाटे जरूर कमी करावेत. चाचणीत मात्र कुणालाही सूट देऊ नये.