मागे राहिलेल्या संकेतस्थळांचे दप्तर

एखाद्या फ्रंट-एंड डेव्हलपरने गेल्या दहा-पंधरा वर्षांत गिऱ्हाइकांसाठी घडविलेल्या संकेतस्थळांची यादी समोर ठेवून एकेक पत्ता आज उघडू गेल्यास, काही पत्ते भलत्याच मजकुराकडे नेतात, काही मुळीच उघडत नाहीत, आणि जे उघडतात त्यांवर बहुधा दुसऱ्या कोणी नंतर केलेली रचना आढळते. पाडलेल्या वाड्याचा निदान चौथरा तरी राहतो. येथे तेवढाही अवशेष उरत नाही. आपल्या कसबाचा पुरावा म्हणून त्या डेव्हलपरपाशी काही स्क्रीनशॉट तेवढे असतात. ही हानी त्या कारागिराची तर आहेच, परंतु त्याहून अधिक ती समाजाची आहे, आणि तिचे निवारण करार व कायदा यांच्या आवाक्यातील आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

फ्रंट-एंडचे काम म्हणजे तयार मजकुरावर चढविलेला रंग, हा समज अद्याप रूढ आहे. वस्तुतः वाचकाच्या दृष्टीस प्रथम काय पडावे, मोबाइलच्या अरुंद पडद्यावर कोणता भाग कोठे सरकावा, मंद जोडणीवरही पान किती त्वरेने उघडावे आणि अंध वाचकाच्या स्क्रीन रीडरला त्याचा अर्थ कसा लागावा, हे सारे निर्णय त्या कामात अंतर्भूत असतात. शिवाय प्रत्येक पानाच्या कोडमध्ये त्याच्या काळाची मुद्रा असते. अदृश्य कोष्टकांच्या आधाराने केलेली जुनी मांडणी; २००१ साली आलेल्या इंटरनेट एक्सप्लोरर ६ च्या लहरी सांभाळण्यासाठी योजलेल्या युक्त्या; एकच एचटीएमएल कायम ठेवून केवळ सीएसएस पालटल्याने पानाचे रूप किती भिन्न होऊ शकते हे २००३ साली डेव्ह शे यांच्या ‘सीएसएस झेन गार्डन’ने दाखविल्यानंतर आलेली शिस्त; आणि २०१० साली ईथन मार्कॉट यांनी ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’ची कल्पना मांडल्यावर पडद्याच्या रुंदीप्रमाणे आकार घेणारी पाने; हा सारा इतिहास एखाद्या पतसंस्थेच्या वा नाट्यसंस्थेच्या सामान्य संकेतस्थळातही वाचता येतो, मात्र ते जतन झालेले असले पाहिजे.

ते होत नाही, याची कारणे क्षुल्लक असतात. डोमेनची मुदत संपते आणि नूतनीकरण राहून जाते, होस्टिंगचे पैसे भरले जात नाहीत, किंवा नवे संकेतस्थळ जुन्याच पत्त्यावर चढविले जाऊन जुने पुसले जाते. कधी तंत्रच बरखास्त होते. ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा आधार काढून घेण्यात आला, तेव्हा त्यात रचलेली असंख्य पाने, फाइली शाबूत असूनही, ब्राउझरपुरती मृत झाली. फार काय, टिम बर्नर्स-ली यांनी सर्न येथे उभारलेले जगातील पहिले संकेतस्थळ २०१३ साली त्या संस्थेने पुन्हा मूळ पत्त्यावर आणले, तेव्हा आधाराला मिळाली ती १९९२ सालची प्रत.

मराठीच्या बाबतीत या हानीला एक अधिक खेदजनक पदर आहे. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून स्थान असले, तरी सामान्य संगणकांवर तिचा वापर स्थिरावेपर्यंत मराठी संकेतस्थळे निरनिराळ्या फॉन्टांच्या खाजगी सांकेतिक व्यवस्थेत लिहिली जात. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी वर्णांचे तुकडे बसवलेले असत, आणि तो विशिष्ट फॉन्ट नसला की वाचकासमोर रोमन अक्षरांचा व चिन्हांचा निरर्थक ढीग उभा राही. तो मजकूर आजही कोठे सापडला, तर शोधयंत्राच्या दृष्टीने तो मराठी नव्हेच. ज्या डेव्हलपरांनी ही पाने बांधली, त्यांच्या जुन्या डिस्कांवर पुष्कळदा ते फॉन्ट आणि ती वर्णकोष्टके पडून असतात. परंतु ती कोणी मागत नाही.

आता मालकीचा प्रश्न. पैसे मोजले म्हणजे संकेतस्थळ सर्वस्वी आपले झाले, असे गिऱ्हाईक मानते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकीय प्रोग्रॅमची गणना साहित्यकृतीत होते, आणि स्वतंत्रपणे काम करणाऱ्याने लिहिलेल्या कोडचा प्रथम स्वामी, अन्यथा लेखी करार नसेल तर, तो लिहिणाराच असतो; नोकरीत राहून केलेल्या कामाची गोष्ट निराळी. हक्कांचे हस्तांतरण लेखी व स्वाक्षरीयुक्त असावे लागते, आणि त्यात मुदत नमूद नसल्यास ती पाच वर्षे धरली जाते. म्हणजे तपशील न लिहिता केलेल्या करारनाम्याने गिऱ्हाइकाचेही हित साधत नाही. माझी सूचना अशी की, प्रत्येक करारनाम्यात हक्कांची मुदत स्पष्ट लिहावी, डोमेन गिऱ्हाइकाच्या नावे नोंदवावे, आणि काम पूर्ण झाल्यावर सोर्स कोड, चित्रे व फॉन्ट यांसह संकेतस्थळाची एक स्थिर, सर्व्हरविना उघडणारी प्रत उभयतांनी ठेवावी व डेव्हलपरला ती आपले काम म्हणून दाखविण्याची मुभा असावी. ग्राहकांची खाजगी माहिती त्या प्रतीत असू नये, हे उघडच आहे.

केवळ करारांवर मात्र हे सोडता येणार नाही. १९९६ साली ब्रूस्टर केल यांनी स्थापिलेल्या इंटरनेट आर्काइव्हचे उपकार मोठे आहेत. परंतु दुव्यांवरून फिरणाऱ्या यंत्राला फॉर्ममागील पाने व जावास्क्रिप्टने उमलणारा मजकूर पुष्कळदा हाती लागत नाही. आपल्याकडे १९५४ च्या कायद्यान्वये प्रकाशकाला प्रत्येक पुस्तक तीस दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास व अन्य तीन ग्रंथालयांस द्यावे लागते, आणि १९५६ पासून वृत्तपत्रेही त्या कक्षेत आली. ब्रिटनने २०१३ साली हेच तत्त्व संकेतस्थळांस लागू करून ब्रिटिश लायब्ररीसह सहा ग्रंथालयांना ती जतन करण्याचा अधिकार दिला. असे जतन किती मोलाचे ठरते याचा दाखला आपल्याकडेच आहे: इतिहासकार सरदेसायांनी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड सिद्ध केले, ते कारकुनांनी रोजच्या कामासाठी लिहिलेले कागद कोणी तरी सांभाळले होते म्हणून. आपल्या पतपेढ्या, महाविद्यालये, दिवाळी अंक यांच्या संकेतस्थळांना तोच न्याय मिळावा.

त्यासाठी १९५४ च्या कायद्यात दुरुस्ती व्हावी, आणि ती होईपर्यंत राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाने डेव्हलपरांकडून त्यांच्या जुन्या कामांच्या प्रती स्वेच्छेने स्वीकारण्यास आरंभ करावा. त्यातही जुन्या फॉन्टांतील मराठी मजकूर अग्रक्रमाने घ्यावा. ते फॉन्ट घडविणारे व वापरणारे पुष्कळ लोक आज हयात आहेत आणि वर्णकोष्टकांचा उलगडा त्यांच्याकडून अजून करून घेता येईल.